परवानगीनिशी

1953. लॉस एंजेलिसच्या बंदरातून निघालेल्या बार्जवर तुम्ही उभे आहात. टाक्यांत आहे टॉरन्सजवळच्या मॉन्ट्रोज कारखान्यातलं वापरून झालेलं सल्फ्युरिक अॅसिड. डीडीटी हे कीटकनाशक बनवून उरलेलं, पण थोडं डीडीटी पोटात घेऊनच आलेलं. कॅटलिना बेटाच्या अलीकडे तळ सुमारे 900 मीटर खोल जातो, तिथे व्हॉल्व्ह उघडतात. इथे चोरीछुपे काहीच नाही. सगळं राजरोस, परवानगीनिशी. फार तर खलाशी ठरलेल्या जागेच्या अलीकडेच काम उरकतात, आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्याचं पिंप तरंगत राहिलंच तर त्याला भोक पाडतात.

त्यांना नावं ठेवण्याआधी जरा घराकडे डोकावून या. याच वर्षी भारतात हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झालाय आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटीच फवारलं जातंय.

आता 1970, याच किनाऱ्याजवळचं अॅनाकापा बेट. तपकिरी पेलिकन अंडी उबवतो ती पडदेदार पाय त्यांच्यावर ठेवून. वाकून बघा. कवच इतकं पातळ की आईच्याच पायाखाली चेचलंय, बलक काटक्यांतून ओघळून वाळलाय. यंदा इथल्या 552 घरट्यांतून पिल्लू निघालं एक. या डीडीटीतला मोठा वाटा बार्जचा नाही, गटारांचा. मॉन्ट्रोजचं सांडपाणी सार्वजनिक गटारांतूनही समुद्रात जात होतं. डीडीटी पाण्यात जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र मुरतं. गाळातल्या किड्यातून माशात, माशातून पक्ष्यात वाढत जातं, आणि तिथे कवचाला लागणारं कॅल्शियमच अडवतं.

1972मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी येते. पेलिकन पुढे सावरतात.

2021. पुन्हा कॅटलिनाच्या अलीकडे, जहाजावरच्या पडद्यासमोर बसा. खाली रोबोट एका गंजक्या पिंपाजवळ पोचलाय. भोवती पांढरं कडं आहे. यांत्रिक हात गाळात नळी खुपसायला जातो आणि ती आत शिरतच नाही. तळ सिमेंटसारखा घट्ट झालाय. पुढे तपासात कळतं, पांढऱ्या कड्यांच्या या पिंपांत अॅसिड नव्हतंच, तीव्र अल्कली होती. इतक्या वर्षांनंतरही ती इतकी जहाल आहे की गरम अल्कधर्मी झऱ्यांत तग धरणारे जिवाणूच तिथे टिकतात.

मग अॅसिड? ते बहुतेक पिंपात भरलंच नव्हतं, थेट ओतलं होतं. त्यातलं डीडीटी थंड, प्राणवायू कमी असलेल्या त्या गाळात अजून बरंचसं तसंच आहे, आणि खोल पाण्यातल्या माशांतही सापडतंय.