ढिगाऱ्याखालचा श्वास ऐकणारे गुरू



एलूल महिना लागला आणि सेलिहोथचे सूर कानी पडू लागले, की मला एका माणसाची आठवण होते. त्यांची माझी कधी भेट झाली नाही आणि ते आपल्या धर्माचेही नव्हते. त्यांचे नाव रे डाउनी. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात त्यांनी 39 वर्षे सेवा केली आणि 23 एलूल 5761, म्हणजे 11 सप्टेंबर 2001 या दिवशी ते कामावर असतानाच गेले.

आज त्यांच्याविषयी बोलण्यास एक घरगुती कारणही आहे. माझ्या नातवाने अग्निशामक दलात जाण्याचे ठरविले आहे. माझी मुलगी मला म्हणाली, "आई, तो तुझे ऐकतो. त्याला समजाव." त्याला परावृत्त करण्यासाठी काही हाती लागावे, म्हणून मी हे वाचन आरंभिले. त्याचा शेवट काय झाला, ते अखेरीस सांगते.

आगीची गोष्ट आमच्या घरात जुनी आहे. माझे आजोळ मुंबईत मांडवीला, सॅम्युएल स्ट्रीटवर, 1796 साली उभारलेल्या आपल्या जुन्या मशिदीच्या सावलीत. 14 एप्रिल 1944 रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा, असे ते जहाज. चारच्या सुमारास स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. मुंबई दलाचे 66 जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. भारतात 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्यासाठी. माझी आई सांगत असे, "सगळे लोक गोदीकडून पळत होते आणि बंब गोदीकडे धावत होते." अग्निशामकाची याहून नेमकी व्याख्या मी अद्याप ऐकलेली नाही.

डाउनी 1962 साली दलात दाखल झाले. पुढे ते ब्रुकलिनमधील 'रेस्क्यू 2' या बचाव तुकडीचे कॅप्टन झाले आणि कालांतराने विशेष मोहिमांच्या सर्व तुकड्या त्यांच्या हाताखाली आल्या. कोसळलेल्या इमारतींतून माणसे काढण्याच्या विद्येत त्यांचा अधिकार एवढा मोठा, की सहकारी थट्टेने त्यांना 'देव' म्हणत. आपण एक देव मानणारे लोक. आपल्याला तो शब्द रुचणार नाही. मी त्यांना 'गुरू' म्हणते.

ही विद्या काय आहे, हे मुलांनी समजून घ्यावे. इमारत पडली म्हणजे आत सगळेच चिरडते असे नाही. एखादी लादी एका बाजूने भिंतीला टेकून राहते, एखादी मधोमध मोडते, आणि तिच्या आडोशाला पोकळी उरते. त्या पोकळीत माणूस जिवंत असू शकतो. म्हणून काम क्रमाने करावे लागते. आधी पाहणी करायची आणि वर दिसणाऱ्यांना बाहेर काढायचे. मग पोकळ्या धुंडायच्या, त्यानंतर निवडून ढिगारा उपसायचा, आणि सरसकट उपसणे सर्वांत शेवटी. लाकडी टेकू दिल्यावाचून आत शिरायचे नाही. मधूनमधून सर्व यंत्रे बंद करून सर्वांनी स्तब्ध राहायचे, हाक द्यायची आणि कान द्यायचा. रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना आमच्या सिस्टर आम्हा विद्यार्थिनींना गप्प करीत, त्याची मला येथे आठवण झाली.

'दारफळणीच्या सणा'चे, म्हणजे योम किप्पूरचे नियम ज्या योमा ग्रंथात आहेत, त्यात हाच प्रसंग आहे. कोणावर इमारत कोसळली, तो आत आहे की नाही, जिवंत आहे की मृत, याची शंका असली तरी शब्बाथच्या दिवशीसुद्धा ढिगारा उपसावा, असे मिश्ना सांगते. जीव वाचविण्याच्या कर्तव्यास आपण 'पिकुआह नेफेश' म्हणतो. त्यातील 'पिकुआह' हा शब्द ढिगारा उपसण्याच्या याच कामावरून आला. डाउनींना हे ठाऊक असेल वा नसेल. त्यांचे आयुष्य त्याच आज्ञेत गेले.

19 एप्रिल 1995 रोजी ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बने उद्ध्वस्त झाली. 168 माणसे गेली, त्यांत 19 लहान मुले. न्यूयॉर्कचे पथक घेऊन डाउनी तेथे गेले आणि देशभरातून आलेल्या बचाव पथकांच्या कामाला त्यांनी दिशा दिली. त्या दिवशी एक परिचारिका मदतीसाठी धावली होती. डोक्यावर मलबा पडून चार दिवसांनी ती वारली. माझ्याच व्यवसायातील ही भगिनी माझ्या मनातून जात नाही. धैर्य तिच्यापाशी होतेच. त्या धैर्याला जोड म्हणून शिक्षण कसे हवे, हेच डाउनी आयुष्यभर शिकवीत राहिले. त्यांनी बचाव तुकडीच्या कामावर पुस्तक लिहिले, गावोगावच्या दलांना व्याख्याने दिली आणि दहशतवादाचा सामना करण्याच्या तयारीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीवरही काम केले.

2001 च्या त्या मंगळवारी मी रुग्णालयात कामावर होते. आम्ही दाराशी स्ट्रेचर मांडले, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या आणि वाट पाहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. स्ट्रेचर बहुतेक रिकामेच राहिले. एवढी शांतता मी कोणत्याही वॉर्डात अनुभवलेली नाही.

मनोरे कोसळू शकतात, असे डाउनींनी आयुक्तांजवळ बोलून दाखविले होते. आयुक्तांच्या जबानीत तशी नोंद आहे. 9 वाजून 59 मिनिटांनी दक्षिण मनोरा पडला. डाउनी त्यातून वाचले आणि तेथेच थांबले. 10 वाजून 28 मिनिटांनी उत्तर मनोरा कोसळला, तेव्हा ते गेले. वय 63. दलाचे 343 जण त्या सकाळी गेले आणि त्यांतील नव्वदांहून अधिक डाउनींच्या विशेष तुकड्यांतले होते. शिकविणारा आणि त्याने शिकविलेले, एकाच सकाळी. त्यांचे दोन मुलगेही याच दलात होते. वडिलांची विद्या घेऊन अनेक महिने माणसे तो ढिगारा उपसत राहिली. डाउनींच्या अवशेषांची ओळख पटून अंत्यसंस्कार झाले ते 2002 च्या मे महिन्यात. त्यांतील एक मुलगा पुढे त्याच बचाव विभागात वरिष्ठ अधिकारी झाला.

नातवाला मी हे सर्व सांगितले, काहीही वगळले नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आजी, त्यांना शिकवणारं कोणीतरी होतं ना? मलाही तेच हवंय." मी त्याला थांबवू शकले नाही, आणि मुलगी अजून माझ्यावर रुसलेली आहे. तिचे भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मलाही रात्री झोप लागत नाही. मी त्याच्याकडून एकच वचन घेतले आहे: टेकू दिल्याशिवाय आत शिरायचे नाही, आणि जे शिकशील ते दुसऱ्याला शिकविल्यावाचून राहायचे नाही.

या एलूलमध्ये आपल्या माणसांसाठी हश्काबा म्हणताना मांडवीच्या गोदीतील ते 66 आणि येथील 343 यांचेही स्मरण करावे, एवढीच विनंती. शालोम.