पांजरपोळापासून बैठकीतल्या बाकापर्यंत



गेल्या पावसाळ्यात पाय दुखावलेलं मांजरीचं पिल्लू आमच्या जळगावच्या छोट्या फ्लॅटमध्ये शिरलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, "आपल्यात मांजर पाळतात का गं?"

उत्तरासाठी थेट बाराव्या शतकात जावं लागलं. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांतलं एक असतीपोषण. त्यात मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांचा उल्लेख आहे, पण पैशासाठी पोसण्याच्या संदर्भात. म्हणजे धंदा वर्ज्य, अनुकंपा नव्हे.

अनुकंपेचा इतिहासही आपलाच आहे. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज चिडला आणि दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभं राहिलं. त्यामागे जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशा हे दोघे होते. खानदेशातही 'पांजरपोळ' हा शब्द घरोघरी ठाऊक आहे.

आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मात्र वेगळी सोय लागत नसे. गुरांना गोठा, कुत्र्याला ओटा, मांजरीला माळा. फ्लॅटमध्ये ओटाही गेला आणि माळाही. मग प्राणी बाल्कनीत बांधला जातो. इथेच मला थांबावंसं वाटलं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. पहिलाच अतिचार 'बंध'! जीव वाचवून त्याला कोंडलं, तर काय साधलं?

म्हणून बैठकीतला जुना लाकडी बाक सुताराकडून बदलून घेतला. वर माणसं बसतात, खाली पिल्लाची जागा. दोन्ही बाजू उघड्या, म्हणजे कोंडल्यासारखं होत नाही. मधली फळी सरकती ठेवली. पिल्लू वाढलं की काढायची. पायांना चाकं लावली, म्हणजे उन्हाची तिरीप आली की बाक सावलीत ढकलता येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा आत नुसती फरशी. थंडीत दुमडलेली गोधडी. एका पायाला सुतळी गुंडाळली, नखं तिथेच घासली जातात. सगळे भाग सुटे होतात, त्यामुळे रोज हलक्या हाताने झाडून घेता येतं, मुंग्या-किडे आत साचून मरत नाहीत.

पाय बरा झाला. दार उघडं असतं, तरी ते गेलं नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला सासूबाई त्याच बाकावर बसतात, आणि बसण्याआधी वाकून बघतात, खाली कोणी झोपलंय का.