गांठींत दडलेला अग्नि

धरणगांवचें नांव इतिहासांत ठळकपणें येतें तें एका वखारीच्या निमित्तानें. १६७४ सालीं इंग्रज व्यापाऱ्यांनीं येथें आपली वखार घातली आणि १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या फौजेनें ती लुटली. या लुटीच्या भरपाईची मागणी इंग्रज वकील पुढें बराच काळ रायगडाकडे करीत राहिले. त्या काळच्या वखारवाल्यास जें मोठें भय वाटे, तें बाहेरून येणाऱ्या घोडेस्वारांचें. भिंत उंच बांधावी, पहारा जागता ठेवावा, म्हणजे तो निर्धास्त होई. परंतु व्यापार जसजसा वाढत गेला, तसतसें एक दुसरें भय पुढें आलें. हा शत्रु वेशीवरून चाल करून येत नाहीं. तो मालाच्या पोटांतच बसलेला असतो.

या शत्रूची ओळख खानदेशास कापसानें करून दिली. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि आपल्याकडील कापसाचा भाव गगनास भिडला. त्याच सुमारास आगगाडी खानदेशांत पोंचली. पुढें १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडची लोहमार्गाची वाट धरणगांवावरून जळगांवास मिळाली. गांवोगांव जिन आणि प्रेस उभे राहिले. सरकी काढलेला कापूस प्रेसमध्यें दाबून त्याच्या गांठी बांधावयाच्या आणि त्या दूरदेशीं रवाना करावयाच्या, हा या मुलखाचा मुख्य उद्योग झाला.

आतां, कापसांत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहिला आणि तो जिनच्या यंत्रावर आदळला, तर ठिणगी उडते. ती ठिणगी कापसाबरोबर प्रेसमध्यें गेली, तर गांठीच्या आंत बांधली जाते. दाबलेल्या कापसांत हवा थोडी, म्हणून ज्वाला उठत नाहीं. पण धग विझतही नाहीं. गांठ बाहेरून पांढरी शुभ्र दिसते आणि आंत ती हळूहळू धुमसत असते. वरून पाणी ओतलें तर वरचे थर भिजतात. गाभा कोरडाच राहतो. म्हणून संशयित गांठ इतर मालापासून दूर, उघड्यावर, कांहीं दिवस नजरेखालीं ठेवावी. थप्प्या एकमेकींस चिकटवूं नयेत. दोहोंमध्यें माणूस जाईल इतकी वाट मोकळी सोडावी, असे नियम या धंद्यांत रूढ झाले. हे नियम मोडले म्हणजे काय होतें, तें पाहण्यासाठीं खानदेशांतून मुंबईच्या गोदीकडे वळावें लागतें.

१२ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीस लागलें. इंग्लंडांतून निघतांना त्यावर सुमारें १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा चढविल्या होत्या. वाटेंत कराचीस सुमारें ८,७०० कापसाच्या गांठी, तेलाचीं पिंपें, लांकूड असा माल भरला गेला. तो कापूस खानदेशचा नव्हता. पण कापसाचा धर्म सर्वत्र सारखाच. १४ एप्रिलच्या दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांतून धूर येतांना दिसला. बंब आले, नळ सुटले, सुमारें ९०० टन पाणी कोठारांत ओतलें गेलें. तरीही आगीचें मूळ कोठें आहे तें सांपडेना, आणि ओतलेलें पाणी आंत उकळूं लागलें. चार वाजण्यास थोडा अवकाश असतां जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. त्यांची नोंद सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर झाली. जळत्या गांठी आकाशांतून आजूबाजूच्या जहाजांवर, गोदामांवर आणि वस्त्यांवर पडल्या, आणि प्रत्येक गांठीनें नवी आग लावली. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. सुमारें ८०,००० लोक बेघर झाले. गोदी पुन्हां चालू करण्यास ८,००० माणसें सात महिने खपत होतीं.

चौकशी समितीनें आगीचें मूळ बहुधा कापसांतच असल्याचें ठरविलें. पण तिच्या निष्कर्षांतील बोध निराळाच आहे. दारूगोळ्याच्या खालीं कापूस रचला होता. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावावयाचें तांबडें निशाण जहाजावर नव्हतें. दारूगोळा उतरविण्यास विलंब झाला. कोठारांत वाफ सोडून आग कोंडण्याचा उपाय केला गेला नाहीं, आणि शहराच्या बंबांना वर्दी उशीरा गेली. ठिणगी लहान होती. तिला मोठें केलें तें जवळ रचलेल्या मालानें आणि हातचा वेळ दवडण्यानें.

आज वखारींत तशाच स्वभावाचा एक नवा माल आला आहे: लिथियमची बॅटरी. ती दूरध्वनियंत्रांत आहे, संगणकांत आहे, विजेवर चालणाऱ्या दुचाकींत आहे. कापसाची धग जशी गांठींत दडते, तशी हिची धग घटाच्या आंत जन्मते. घटाला मार लागला, त्यांत बांधणीचा दोष राहिला किंवा तो प्रमाणाबाहेर भारला गेला, तर आंतल्या आंत विजेचा मार्ग जुळून उष्णता निर्माण होते. ती उष्णता आंतील रासायनिक क्रियांस वेग देते आणि त्या क्रिया आणखी उष्णता देतात. ज्वालाग्राही वायु बाहेर पडतात, आणि एका घटाची धग शेजारच्या घटास पेटविते. कापसाची आग हवा कोंडली म्हणजे मंदावते. ही क्रिया मात्र हवा कोंडून थांबत नाहीं. भरपूर पाण्यानें घट थंड करीत राहणें हाच मुख्य उपाय. पण पेटीच्या कवचामुळें तें पाणीही आंत सहज पोंचत नाहीं. विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं, कधीं कांहीं दिवसांनींही, पुन्हां पेटते.

येथेंही नियम आले ते बहुतांशीं राखेंतूनच. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेलें यूपीएस कंपनीचें मालवाहू विमान आगीनें कोसळलें आणि दोघेही वैमानिक मृत्यु पावले. मालांत लिथियमच्या बॅटऱ्या होत्या आणि आग त्या मालाच्या जागींच उद्भवली होती. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी झाली, आणि मालवाहू विमानांत त्या ३० टक्क्यांहून अधिक भारलेल्या असूं नयेत असा सर्वसाधारण दंडक आला. भार कमी, म्हणजे बिघाड झालाच तर उष्णताही कमी, हें त्यामागील तत्त्व.

महाराष्ट्रांतही या विषयाचा धडा मिळाला. ९ एप्रिल २०२२ रोजीं नाशिक येथें विजेच्या ४० दुचाकी घेऊन निघालेल्या एका कंटेनरांत आग लागली आणि २० गाड्या जळाल्या. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. त्या वर्षीं देशांत अशा अनेक घटना घडल्या, तेव्हां केंद्र सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं अमलांत आले. एका घटाची आग साऱ्या पेटींत पसरूं नये, याची कसोटी त्यांत आहे.

जळगांव जिल्ह्यांत उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांवर चढतो. अशा मुलखांतील दुकानदारानें आणि गृहस्थानें जुन्या जिनवाल्याची शिस्त नव्यानें अंगीं बाणविणें अगत्याचें आहे. बॅटऱ्यांचा साठा थंड, कोरड्या जागीं, अर्ध्याहून कमी भारलेला ठेवावा. तो लांकूड, कागद आणि तेल यांपासून दूर असावा. दोन टोंकें धातूनें जुळूं नयेत म्हणून तीं झांकावीं. फुगलेली, आपटलेली वा भिजलेली बॅटरी घरांत न ठेवतां उघड्यावर वेगळी काढावी. बाहेर पडण्याच्या वाटेवर किंवा जिन्याखालीं ती भारावयास लावूं नये. आणि धूर दिसतांच मालाचा मोह सोडून आधीं माणसें बाहेर काढावीं व बंबास वर्दी द्यावी.

१४ एप्रिलपासून भारतांत दरवर्षीं अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो मुंबईच्या गोदींत पडलेल्या त्या जवानांच्या स्मरणार्थ. धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत त्या दिवशीं सुमारें दोन तास हातीं होते. बॅटरी इतकी सवड देत नाहीं. तिच्या बाबतींत वेळ असतो तो काय तो माल रचण्यापूर्वींचाच.