अट आणि मुदत : संशोधकाच्या वाटेचा थोडा इतिहास

विज्ञानात संशोधन करणाऱ्या तरुणांनी आपल्या करिअरचं नियोजन कसं करावं, हा आजचा विषय. यावर सल्ले देणारे पुष्कळ आहेत. मी थोडा इतिहास सांगणार आहे, कारण संशोधकाला आज छळणारा प्रश्न जुनाच आहे. प्रश्न असा, की माझ्यावर ज्या अटी घातल्या आहेत, त्यांना मुदत आहे का?

१९३३ साल घ्या. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई थेट तिथे गेल्या आणि जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा, काम करावं लागेल. अट अन्यायाचीच होती, आणि ही सल कमलाबाईंनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. पण बघा, त्या अटीला एक वर्षाची मुदत होती. वर्ष संपलं, काम पाहिलं गेलं, आणि त्या नियमित झाल्या.

१९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. मग दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, तिथून कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ नंतर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. नीरेच्या पोषणमूल्यावरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. अडथळे पुढेही आले, पण पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये लांबलचक रिकामी वर्षं गेली नाहीत. त्या काळी डॉक्टरेट झालेली माणसंच मोजकी होती.

पुढे संख्या वाढली आणि मधलं अंतर तयार झालं. हे अंतर भरायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत १९१९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिकी आणि रसायनशास्त्रातल्या ताज्या पीएच.डी.धारकांसाठी फेलोशिप सुरू झाल्या. शिकवण्याचं ओझं नाही, थोडी वर्षं निवांत संशोधन करा आणि मग पुढे जा, असा तो विचार. आज आपण ज्याला पोस्टडॉक म्हणतो, त्याचं हे एक मूळ.

आपल्याकडे १९५८ हे साल महत्त्वाचं. त्या मार्चमध्ये नेहरूंच्या सरकारचा वैज्ञानिक धोरणविषयक ठराव आला. त्याच वर्षी सीएसआयआरचा ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू झाला. परदेशातून शिकून आलेल्यांना कायमची जागा मिळेपर्यंत पगार देऊन कुठल्यातरी संस्थेत काम द्यायचं, अशी योजना. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ साठा. पण मराठी कानाला नदीवरचा पूल आठवतो, आणि मला तो अर्थ जास्त बरोबर वाटतो. पूल ओलांडायचा असतो, त्यावर बिऱ्हाड थाटायचं नसतं.

आणि त्याच १९५८ मध्ये, २३ ऑगस्टला, आपल्या शहरात मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद ते हेच. पण विद्यापीठ आल्यावर उच्च पदवी घराजवळ आली. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं इथे एम.एस्सी., पीएच.डी. झाली. ही फार मोठी गोष्ट आहे. पदवीपर्यंतचा रस्ता असा बांधला गेला. पदवीनंतरचा मात्र तेवढा पक्का झाला नाही.

मोठ्या नावालाही हे चुकत नाही. दामोदर कोसंबी १९४६ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. गणित, संख्याशास्त्र, नाणी, प्राचीन इतिहास, सगळीकडे त्यांनी काम केलं. जनुकांमधलं अंतर मोजण्याचं त्यांचं सूत्र आजही वापरतात. तरी १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. पुण्यात बसून त्यांचं लेखन चालूच राहिलं, कारण त्यांचं काम एका पदावर टांगलेलं नव्हतं. अर्थात, सगळ्यांनी कोसंबी व्हावं असं सांगणं हा सल्ला नव्हे, ती चेष्टा होईल. घरभाडं सगळ्यांनाच भरायचं असतं.

आता आजचं बघू. जेआरएफ मिळाली तर एसआरएफ धरून जास्तीत जास्त पाच वर्षं. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षं, आणि तिला वयाची अट ३५, काही गटांना सवलत. या सगळ्यांना निदान मुदत आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचं काय? तासाप्रमाणे पैसे, सत्र संपलं की नेमणूक संपली, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. कागदावर ही सोय काही महिन्यांची, प्रत्यक्षात माणसाची दहा-दहा वर्षं त्यात जातात. म्हणजे मुदत नेमणुकीला आहे, वाट पाहण्याला नाही.

शिवाय नियम हलतात. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची, असं यूजीसीने २०१८ मध्ये ठरवलं. ती तारीख पुढे ढकलली, आणि जुलै २०२३ पासून सक्तीच काढली. नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता राहिली. केवळ त्या नियमाकडे बघून ज्यांनी पीएच.डी.ला प्रवेश घेतला, त्यांनी कुणाकडे जाब मागायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जागा निघणं न निघणं तुमच्या हातात नाही, आणि ती न निघणं हा तुमचा नाकर्तेपणा नव्हे. मधल्या वर्षांची मुदत मात्र तुम्ही ठरवू शकता. प्रवेश घेतानाच मार्गदर्शकांना विचारा : तुमचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? फेलोशिप संपल्यावर प्रबंध राहिला तर पैसे कुठून येतील? शोधनिबंधावर माझं नाव कुठे असेल? विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण कमलाबाईंनी तर रामनना विचारलं होतं. दुसरं, हातात असं एक कौशल्य ठेवा ज्याला कॉलेजबाहेर किंमत आहे : उपकरण चालवणं, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, पेटंटचं काम. आपल्या वाळूज, शेंद्र्यात कारखाने आहेत, औषध कंपन्या आहेत. तिकडे जाणं म्हणजे संशोधनात हरणं नव्हे. तिसरं, एक तारीख वहीत लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा : इथपर्यंत वाट पाहीन, पुढे नाही.

तारीख आली आणि तरी थांबावंसं वाटलं, तर थांबा. पण ठरवून थांबा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.