जिवंत की मेलेलं? यीस्ट, मोहफुलं आणि १८९२चा कायदा

मे महिन्यात पेणच्या बाजारातून सुक्या यीस्टचं पाकीट घेतलं आणि ते दुपारभर बंद गाडीत राहिलं, तर त्यातलं यीस्ट जिवंत असेल का? घरी पाव करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. परदेशात घरच्या घरी बिअर करणाऱ्यांनाही पडतो. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, त्यामुळे तुम्ही प्रयोग पावापुरताच ठेवा.

उत्तर सोपं वाटतं. कपभर कोमट पाणी घ्या, ३५ ते ४० अंशांचं. त्यात चमचाभर साखर आणि थोडं यीस्ट घाला. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला तर जिवंत, नाही आला तर कचरापेटी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर चालू आहे का हे बघायला आम्ही त्याला पिंग करतो. पिंगला उत्तर आलं म्हणजे सर्व्हर काम करतोय असं नसतं. तो फक्त उत्तर देतोय. यीस्टच्या फेसाचंही काहीसं असंच आहे. फेस म्हणजे जीव का, यावर युरोपात साठेक वर्षं भांडण झालं. त्याच काळात आपल्या पेण-रोह्यात तोच फेस गुन्ह्याची खूण ठरत होता.

भांडण

१६८०मध्ये लेवेनहूक या डच माणसाने सूक्ष्मदर्शकातून यीस्टचे गोल कण पाहिले, पण ते सजीव आहेत हे त्याला कळलं नाही. १८३७च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत थिओडोर श्वान यांनी सांगितलं, की या कणांना कोंब फुटतात, ते वाढतात, म्हणजे ते सजीव आहेत.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. १८३९मध्ये व्होलर आणि लीबिग या दोन बड्या शास्त्रज्ञांनी चक्क एक निनावी टवाळी छापली: यीस्ट म्हणजे भट्टीच्या आकाराचे चिमुकले प्राणी, एका बाजूने साखर खातात आणि दुसऱ्या बाजूने दारू सोडतात! लीबिगच्या मते किण्वन ही निव्वळ रासायनिक क्रिया होती, सडण्यासारखी.

मग लुई पाश्चर आला. जीव नसेल तर किण्वन नाही, असं त्याने ठामपणे मांडलं. वाइन ५०-६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली, की तिला बिघडवणारे सूक्ष्मजीव मरतात, हेही त्याने दाखवलं.

आता वाद मिटला म्हणावं, तर १८९७मध्ये एडुआर्ड बुख्नरने यीस्ट वाळूबरोबर घोटून पेशी फोडल्या, दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. जिवंत पेशी नाही, तरी बुडबुडे आले! यीस्ट मेलं तरी त्याची विकरं काम करत होती. या शोधाला १९०७चं नोबेल मिळालं.

म्हणजे निव्वळ बुडबुडे हा जिवंतपणाचा पक्का पुरावा नाही. म्हणून प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू वापरतात. जिवंत पेशी हा निळा रंग बिनरंगी करून टाकते, मेलेली पेशी निळी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही मोजायच्या. पण काही पेशी रंगाच्या परीक्षेत पास होतात आणि तरी पुढे वाढत नाहीत. शेवटची परीक्षा एकच: अन्न द्या, वेळ द्या, आणि एकाच्या दोन होतात का बघा.

उष्णतेचं गणितही यात आलं. ओलं यीस्ट ५५ अंशांच्या आसपास काही मिनिटांत मरू लागतं. सुकं यीस्ट मात्र बरंच सोसतं, कारण वाळताना पेशीत ट्रेहॅलोज नावाची साखर साठलेली असते आणि ती पेशीचा सांगाडा सांभाळते. त्यामुळे गाडीत तापलेल्या पाकिटातलं सगळं यीस्ट सहसा मरत नाही. काही मरतं, काही अर्धमेलं होतं. फेस उशिरा येतो तो त्यामुळे.

कुलाबा जिल्हा

रायगडचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं. इथल्या रानात चैत्रात पहाटे मोहाची फुलं गळतात. कातकरी आणि ठाकर ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फुलांबरोबर रानातलं यीस्टही येतं, आणि त्यातलं काही त्या उन्हातही तगतं. फुलं मडक्यात भिजवली की ते जागं होतं.

इथे थर्मामीटर नव्हता, निळा रंग नव्हता. फेस किती आला, वास आंबट झाला का, मडक्याला कान लावल्यावर चर्र आवाज येतो का, एवढ्यावर ठरवायचं. भट्टीवर उकळलेल्या मडक्यातला गाळ पुढच्या खेपेला विरजण म्हणून चालत नाही, त्यातलं यीस्ट मेलेलं असतं. न उकळलेल्यातलं थोडं राखावं लागतं. पाश्चरचं नाव न ऐकताही हे कळत होतं.

१८७८मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या ठिकाणी गाळायची आणि तिच्यावर कर घ्यायचा, ही त्यामागची व्यवस्था. उरणला तर पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्याच. पण रानातल्या मडक्यावर कर कसा लावणार? यीस्ट हवेत, पानाफुलांवर, सगळीकडे आहे. त्याला पकडता येत नाही. फूल पकडता येतं.

म्हणून १८९२मध्ये मुंबई सरकारने खास मोहफुलांसाठी कायदा केला, तोही नेमका ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. फुलं बाळगणं, विकणं, वाहून नेणं यांवर निर्बंध आले. ही फुलं टंचाईत माणसं खात, गुरांनाही घालत. तरी टोपलीतलं अन्न आता संशयाचं झालं. पिणं मात्र थांबलं नाही; कर भरलेली दारू दुकानात मिळतच होती.

याच्या नऊ वर्षं आधी, १८८३मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून वाढवली. त्यातून शुद्ध यीस्ट मिळालं आणि कार्ल्सबर्गने ते इतर बिअरवाल्यांनाही दिलं. कुठलं यीस्ट चांगलं, कुठलं मेलं, कुठलं राखायचं, हेच ज्ञान तिथे शास्त्र म्हणून वाटलं गेलं. इथे ते लपवायची गोष्ट झालं.

रसायन

सत्तेला किण्वनाची काळजी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद आणि तांदळापासून किण्व करायची कृती आहे, आणि दारूवरच्या सरकारी नियंत्रणाचे नियमही तिथेच आहेत. फरक असा, की तिथे अधिकाऱ्याला किण्व माहीत असणं अपेक्षित होतं.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलं राहिली. आजही बातमी येते: ‘हातभट्टीवर छापा, गूळ-नवसागर मिश्रित रसायन नष्ट.’ नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला नायट्रोजन यीस्टचं खाद्य ठरतो. पिंपातलं ते खदखदणारं जग कोट्यवधी जिवंत पेशींचं असतं, आणि पंचनाम्यात त्याचं नाव ‘रसायन’. युरोपात हरलेला लीबिग आपल्या पोलीस ठाण्यात जिंकला.

दारूने कातकरी वाड्यांचं केलेलं नुकसान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कायद्याने दारूबरोबर फूलही गुन्हेगार ठरवलं, आणि फूल ओळखणारा माणूसही. २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यांवरचे निर्बंध उठवले. १८९२पासून मोजलं तर १२९ वर्षांनी.

मोहाचे लाडू, सरबत, जॅम यांवर आता प्रशिक्षणं होतात. निर्बंध उठले म्हणून जुनं ज्ञान आपोआप परत येत नाही. उन्हात राहिलेल्या यीस्टसारखंच, त्यातलं किती जिवंत आहे हे त्याला काम देऊनच कळेल. त्या प्रशिक्षणांत कातकरी बाई ऐकायला बसते की शिकवायला उभी राहते, तिथे ही चाचणी होईल.