पडद्यावरची सप्तपदी

माणसाला पगार विचारावा, वय विचारावं, फारच सलगी असेल तर रक्तातली साखर विचारावी. पण आवडता सिनेमा विचारू नये. विचारला की भला माणूससुद्धा खोटं बोलतो. ज्या गृहस्थांना मी मारामारीच्या पिक्चरच्या रांगेत तीनदा पाहिलं आहे, ते चारचौघांत 'पथेर पांचाली' म्हणतात आणि डोळे मिटून घेतात. 'बायसिकल थीव्ह्ज'चं नाव घेणारे तर इतके आहेत की एवढ्या साक्षीदारांच्या जोरावर तो सायकलचोर केव्हाच सापडायला हवा होता.

मला परवा कुणीतरी हा प्रश्न विचारला आणि मी प्रामाणिकपणे यादी करायला बसलो. कसोटी एकच लावली. पिक्चरला बक्षीस किती मिळाली, परदेशात कोण काय म्हणालं, हे सगळं बाजूला. पिक्चर सुटल्यावर घरी काय झालं? बस्स. जो पिक्चर थिएटरात संपला, तो संपला. जो घरी आला, जेवणाच्या पानावर बसला आणि दोन दिवस हललाच नाही, तो माझा.

अशी सात नावं निघाली. आणि मग ध्यानात आलं, की सातांतही मला हिरो धड आठवत नाही. आठवते ती बाई. म्हणून या यादीला सप्तपदी म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की यातली पहिली वधू पुरुष होती.

ती म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा हा मूकपट लागला. राजा मिळाला होता, राजपुत्र घरचाच होता, पण राणी कुठून आणायची? घरंदाज बायकांचा प्रश्नच नव्हता. समाजाने आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या बायकांनीसुद्धा म्हणे 'सिनेमात? छे!' म्हणून तोंड फिरवलं. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके दादासाहेबांच्या नजरेत भरले. बोटं नाजूक होती म्हणतात. झालं, आचाऱ्याची महाराणी झाली. सत्यवचनी राजाची गोष्ट, आणि त्यात राणीच खोटी! पुढे १९१७च्या 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. इतकं एकमत असलेलं दुसरं जोडपं मी तरी पाहिलेलं नाही.

पण गंमत बाजूला ठेवा. पडद्यावर बाई नव्हती हे खरं, पडद्यामागे मात्र होती. सरस्वतीबाई फाळके युनिटमधल्या साऱ्या लोकांचा स्वयंपाक करायच्या आणि तो उरकला की फिल्मच्या कामाला हात लावायच्या. दागिनेही याच धंद्यात गेले. या मूकपटाचे आज थोडेच भाग शिल्लक आहेत, त्यांत साळुंके दिसतात. सरस्वतीबाई कुठेच दिसत नाहीत. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि निदान साळुंक्यांचा भार हलका झाला.

दुसरं पाऊल 'अयोध्येचा राजा', १९३२. कोल्हापूरच्या प्रभातचा पहिला बोलपट. गोष्ट तीच, राणीही तीच, पण आता तारामती दुर्गा खोटे! चांगल्या घरातली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. एकोणीस वर्षांत तारामतीची मिशी गेली आणि तिला आवाज आला. आमच्या आजोबांच्या लेखी तोवर 'सिनेमातली' ही शिवी होती. हा बोलपट पाहून आल्यावर ते म्हणाले, "बाई घरंदाज आहे हो." आमच्या घरात सिनेमाला मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट.

त्या जोरावर १९३६ साली सगळं घर 'संत तुकाराम'ला गेलं. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस. हे पागनीस रंगभूमीवर एके काळी स्त्रीपार्ट करायचे, म्हणजे वळण साळुंक्यांचंच. १९३७मध्ये व्हेनिसला या पिक्चरची वाहवा झाली, मुंबईत तो सत्तावन्न आठवडे चालला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेला एक अभंग तर भल्याभल्यांनी तुकोबांचाच समजून घेतला.

आमच्या घरात मात्र या पिक्चरने फूट पाडली. आजोबा तुकोबांच्या बाजूचे, आजी जिजाईच्या. गौरी नावाच्या नटीने ती जिजाई अशी काही उभी केली आहे, की नवरा संत असणं म्हणजे काय प्रकार असतो ते कळावं. घरात दाणा नाही, पोर आजारी, म्हैस सांभाळायची, आणि धनी भजनात! शेवटी ती देवळात जाऊन खुद्द विठोबावर पायातली उगारते. आजोबा म्हणायचे, "काय कजाग बाई! वैकुंठाचं विमान दारात आलं तरी बसली नाही." आजी शांतपणे म्हणायची, "मुलांना कुणी वाढायचं?" या प्रश्नाला आजोबांकडे उत्तर नव्हतं. तुकोबांकडेही असेल असं वाटत नाही.

आता चौथं पाऊल. इथे जरा थांबतो, कारण आमच्या घराचा इतिहास इथे बदलला.

१९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. आजोबा कोर्टात कारकून. त्यांनी नाव वाचलं आणि ताडलं, की सौभाग्याचा महिमा सांगणारा काहीतरी पतिव्रतेचा पिक्चर असणार. बायकांना दाखवायलाच हवा. स्वतःच्या खिशातून तिकिटं काढली, बायको, बहीण आणि थोरली मुलगी, म्हणजे माझी आत्या, अशी वरात घेऊन गेले. जाहिरात नीट न वाचण्याचे परिणाम किती दूरगामी असतात पाहा!

कारण 'कुंकू' म्हणजे ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी काढलेला बोलपट. फसवून म्हाताऱ्या बिजवराला दिलेली नीरा हे लग्न लग्न मानायलाच नकार देते. मारामारी नाही, पळून जाणं नाही. त्याच घरात राहून सरळ 'नाही' म्हणते. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवर जुनं घड्याळ. त्याची टिकटिक म्हणजे काकासाहेबांचं सरत चाललेलं वय.

आमची आजी तेराव्या वर्षी बिजवराला दिलेली होती. आजोबा तेव्हा चौतिशीतले. त्यांच्या बैठकीत भिंतीवर घड्याळही होतं, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याला किल्ली द्यायचा मान आजोबांचा असे.

पुढचं मी आत्याकडून ऐकलेलं. थिएटरातून घरापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. घरी आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "भडक आहे." आणि झोपायला गेले. त्या रात्री घड्याळाला किल्ली द्यायची राहिली. सकाळी बैठकीत विलक्षण शांतता. आजीने स्टूल ओढलं, पदर खोचला, घड्याळाला किल्ली दिली, काटे जुळवले आणि चहा टाकायला गेली. आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "किती वाजले?" आजी म्हणाली, "आता मी लावलेत तेवढे."

त्याच आठवड्यात शेजारच्या दोघीतिघींना घेऊन ती पुन्हा 'कुंकू'ला गेली. न विचारता. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात न विचारता केलेली ही तिची पहिली गोष्ट. आजोबांचं नि तिचं पुढे वाईट चाललं असं नाही; उलट बरंच चांगलं चाललं. पण घड्याळाची किल्ली शेवटपर्यंत तिच्याकडे राहिली, आणि माझ्या आत्याचं लग्न मॅट्रिकनंतर झालं, वराचं वय विचारून.

आणि ती शांता आपटे! १९३९मध्ये कराराच्या भांडणावरून तिने प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. पिक्चर संपला तरी नीरा काही अंगातून गेली नव्हती. आजी ही बातमी लोकांना घरातल्या कार्यासारखी सांगे.

पाचवं पाऊल 'श्यामची आई', १९५३. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या आचार्य अत्र्यांनी या एका पिक्चरने अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानही यालाच. वनमाला आई आणि माधव वझे श्याम. मी तेव्हा सातेक वर्षांचा. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ओले पाय घेऊन मोरीच्या दारात उभा राहिलो, आई पदर पसरेल म्हणून. आई म्हणाली, "पायपुसणं तिकडे आहे." त्या पिक्चरने महाराष्ट्रातल्या समस्त आयांपुढे असा काही आदर्श ठेवला, की बिचाऱ्यांना साधं धपाटा घालणंही जड होऊन बसलं. आमच्या आईने तो आदर्श हात जोडून दूर ठेवला आणि आम्ही बरे निघालो.

सहावं 'सांगत्ये ऐका', १९५९. अनंत मान्यांचा तमाशापट, पुण्याच्या विजयानंदमध्ये एकशे एकतीस आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन बारसंही होतं. जयश्री गडकरांच्या नाचाला लोक जात आणि आम्ही शेजारी विचारत नाही असं पाहून जात असू. पण माझ्या यादीत हा पिक्चर आहे तो हंसा वाडकरांसाठी. पुढे १९७०मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, तेही 'सांगत्ये ऐका' याच नावाने. पिक्चरमध्ये दुसऱ्याने लिहिलेलं सांगत होत्या, पुस्तकात स्वतःचं सांगितलं, आणि काहीही झाकलं नाही. त्यावरून १९७७मध्ये श्याम बेनेगलांनी 'भूमिका' काढला. त्यात काम केलं स्मिता पाटीलने.

आणि तीच स्मिता पाटील सातव्या पावलाला. 'उंबरठा', १९८२. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला. खाऊनपिऊन सुखी घरातली सुलभा नवरा, मुलगी, सासू मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाते. परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं. ती पुन्हा निघते. बस्स, एवढंच. पण मध्यंतरात आमची ही समोसा खायला उठली नाही, तेव्हाच मला अंदाज आला.

आठवड्याने ती म्हणाली, "अहो, नाशिकला सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे. नाव घालू का?" 'घालू का' हे आजीच्या मानाने सौम्यच. "घाल की," मी म्हणालो. मनात गिरीश कर्नाडांचा चेहरा होता. त्या पिक्चरमध्ये नवरा झालेले. इतका देखणा, विद्वान माणूस जिथे हरला तिथे आपण कुठे अडून बसायचं? त्या सहा महिन्यांत मी वरण करायला शिकलो, मुलगी स्वतःची वेणी घालायला शिकली. ही परत आली तेव्हा घर जागेवर होतं. फोडणी तेवढी करपलेली होती.

सप्तपदी झाली. पण लग्नात सात पावलांनंतर हसणंखिदळणंही असतं, म्हणून वरचा आठवा. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देणार म्हणून चार पोरांपैकी दोघं बायका होतात. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे पातळ नेसून पदर सावरत आले आणि सारं थिएटर खुर्चीत मावेना. आजही टीव्हीवर लागला की आमच्याकडे भाजी करपते, आणि आता ती मीच टाकलेली असते.

हसता हसता मला दर वेळी अण्णा साळुंके आठवतात. १९१३मध्ये बाई मिळेना म्हणून पुरुषाला पातळ नेसावं लागलं. पंचाहत्तर वर्षांत तारामती आली, जिजाई आली, नीरा आली, सुलभा तर दार उघडून निघूनही गेली. आणि तरी १९८८मध्ये पुरुषाला पुन्हा पातळ नेसावंच लागलं, कारण आता पुण्यात जागा मिळेना!