ॲडमिरेबल

ॲडमिरेबल हे इंग्रजी विशेषण, ज्या गुणाविषयी, कृतीविषयी किंवा व्यक्तीविषयी मनात कौतुक आणि आदर ही दोन्ही एकाच वेळी उत्पन्न होतात, तिला लावले जाते. मराठीत त्यासाठी प्रशंसनीय, स्तुत्य, वाखाणण्याजोगा असे पर्याय योजतात. उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर येतो. ॲडमायर या क्रियापदात मात्र तो दुसऱ्या अक्षरावर असल्याने त्याच्या धर्तीवर केलेला ‘ॲडमायरेबल’ हा उच्चार प्रमाण ठरत नाही.

हा शब्द लॅटिन ‘अद्मिराबिलिस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘मिरारी’, म्हणजे आश्चर्य करणे, हे क्रियापद असून चमत्कारवाचक मिरॅकल व आरसावाचक मिरर हे शब्दही त्याच कुळातले आहेत. संस्कृतातील ‘विस्मय’ या शब्दाच्या धातूशीही या कुळाचे नाते अनेक भाषाशास्त्रज्ञ जोडतात. लॅटिनमध्ये या विशेषणात स्तुती असेच असे नाही. इ. स. पू. ४६च्या सुमारास सिसेरोने स्टोइक पंथाच्या विरोधाभासात्मक वचनांवर लिहिताना, ती लोकमताच्या विरुद्ध जाणारी व म्हणून चकित करणारी आहेत, हे सांगण्यासाठी तेच वापरले. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा जुना अर्थ इंग्रजीतही जिवंत होता. ‘मॅकबेथ’मध्ये बँकोचे भूत दिसल्याने राजाच्या मेजवानीचा विचका होतो, तेव्हा लेडी मॅकबेथ त्या गोंधळाला ‘ॲडमायर्ड’ म्हणते. तेथे कौतुकाचा लवलेश नसून केवळ थक्क करणारा एवढाच भाव आहे, आणि आधुनिक अर्थ मनात धरून वाचणाऱ्याला ते वाक्य उलगडत नाही. ‘द टेम्पेस्ट’मधील मिरांडा हे नायिकेचे नावही याच धातूवरून बेतलेले आहे.

विशेषण उपाधी म्हणून रूढ होण्याचे ठळक उदाहरण जेम्स क्रायटन (१५६०–१५८२) या स्कॉटिश विद्वानाचे होय. बहुभाषाज्ञान, वादकौशल्य आणि तलवारबाजी यांसाठी ख्याती पावलेला हा तरुण मांटुआ येथे एका चकमकीत मारला गेला, आणि पुढे ‘ॲडमिरेबल क्रायटन’ म्हणूनच ओळखला गेला. जे. एम. बॅरी यांनी १९०२ साली रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकाला हेच नाव दिले. त्यातील क्रायटन हा एका उमरावाच्या घरचा मुख्य सेवक असून, जहाज फुटून सारे निर्जन बेटावर अडकल्यावर तोच सर्वांचा नेता बनतो.

आज हे विशेषण धैर्य, संयम, चिकाटी, प्रामाणिकपणा अशा नैतिक गुणांना विशेष शोभते. सुंदर चेहऱ्याला किंवा रुचकर जेवणाला ते सहसा लावीत नाहीत. त्यातील आदर काहीसा दुरून केलेला असतो, त्यामुळे जिव्हाळ्याच्या माणसाविषयी ते कोरडे वाटू शकते. एखाद्याचा हेतू ॲडमिरेबल आहे असे म्हणून पुढे ‘परंतु’ जोडण्याची लकब इंग्रजी लेखनात बरीच आढळते. अशा ठिकाणी ‘हेतू स्तुत्य असला तरी’ ही मराठी रचना तंतोतंत बसते. ॲडमायरिंग हे रूप यापासून वेगळे ठेवले पाहिजे, कारण ते कौतुकास पात्र असलेल्याचे नव्हे, तर कौतुक करणाऱ्याच्या नजरेचे किंवा उद्गारांचे वर्णन करते.